एका हरकतीची पोचपावती

मार्च २०२५ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या फलकावर कुणीतरी वर्तमानपत्राचे एक कात्रण लावले. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीने नागरिकांकडून आणि संस्थांकडून सूचना व हरकती मागवल्या असून त्या १ एप्रिलपर्यंत पाठवायच्या आहेत, एवढाच त्याचा मथितार्थ होता. बेकायदेशीर कृत्ये करणाऱ्या संघटनांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या या विधेयकाचे नाव मला नवे नव्हते. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा मांडले गेले तेव्हा मी बातमी वाचून पान उलटले होते. पुढे विधानसभेची मुदत संपली, निवडणूक झाली आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते पुन्हा मांडले, तेव्हाही मी पानच उलटले. या खेपेस ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे अध्यक्ष झाले आणि विरोधी पक्षांचे आमदारही तीत बसले. सरकार एखाद्या गोष्टीवर माझे म्हणणे लेखी मागते, असा प्रसंग नगरपालिकेच्या विकास आराखड्याखेरीज माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. विचारलेच आहे तर सांगावे, इतक्या साध्या विचाराने मी हरकत लिहायला बसलो.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे. कायद्याचा माझा अभ्यास नाही. पण छापलेला शब्द जसा आहे तसाच वाचायचा, लेखकाच्या मनात काय होते ते त्याला फोन करून विचारायचे नाही, ही शिस्त तीस-बत्तीस वर्षांत अंगवळणी पडली आहे. विधेयकाच्या मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रती झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतल्या, शिसपेन्सिलला टोक काढले आणि प्रूफ तपासावे तसे ते विधेयक तपासले. पहिल्या रात्री सर्वांत आधी जे जाणवले ते असे, की नक्षलवाद हा शब्द विधेयकाच्या शेवटी जोडलेल्या उद्देश व कारणांच्या निवेदनात ठळकपणे येतो. नक्षलवाद दुर्गम भागापुरता उरलेला नाही, समर्थक संघटनांच्या मार्फत तो शहरांतही वाढतो आहे, त्याला आळा घालायला सध्याचे कायदे अपुरे आहेत, अशी ती मांडणी. मात्र प्रत्यक्ष कलमांत, विशेषतः ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय हे सांगणाऱ्या व्याख्येत, मी तो शब्द पेन्सिलीने शोधत गेलो आणि तो मला सापडला नाही. व्याख्येत होते ते वेगळेच: सार्वजनिक सुव्यवस्था, शांतता यांना धोका पोहोचवणारे कृत्य, सुव्यवस्था राखण्यात ढवळाढवळ करणारे किंवा तसा कल असणारे कृत्य, कायद्याच्या अंमलबजावणीत आणि प्रस्थापित संस्थांच्या कामात अडथळा आणणारे कृत्य, प्रस्थापित कायद्याची आणि संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणारे किंवा तशी शिकवण देणारे कृत्य. हिंसाचार, स्फोटके, रेल्वे व रस्ते वाहतूक विस्कळीत करणे हेही होते. पण ते या सर्वांच्या रांगेत उभे होते, आणि रांगेतल्या प्रत्येक उपकलमाला ‘किंवा’ने जोडलेले होते. ‘आणि’ व ‘किंवा’ यांतला फरक ही आमच्या धंद्यातली पहिली इयत्ता आहे. ‘किंवा’ असेल तर एकच गोष्ट घडली तरी पुरते.

पुढच्या रविवारी संध्याकाळी वाचनालयातच आम्ही काही जण बसलो. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, चहा मात्र दोनदा झाला. मी व्याख्या मोठ्याने वाचून दाखवली आणि गप्प बसलो, कारण मला लोकांचे ऐकायचे होते. गावातील एक अंगणवाडी सेविका आल्या होत्या. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभर अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप झाला त्यात त्या होत्या, मुंबईच्या मोर्चालाही गेल्या होत्या. त्यांनी विचारले, “काका, आम्ही पंचायत समितीच्या दारात बसलो होतो, सायबांना आत जाऊ दिलं नव्हतं. ते ह्यात येतंय का?” मी म्हणालो, सरकार म्हणते येत नाही, हा कायदा तुमच्यासाठी नाहीच. त्या म्हणाल्या, “सरकार काय म्हणतंय ते नाही विचारलं. कागद काय म्हणतोय?” माझ्याइतकाच चोख मुद्रितशोधक मला तिथे भेटला. कागदाप्रमाणे ‘अंमलबजावणीत अडथळा’ या शब्दांत ते बसवता येईल, असे मला प्रामाणिकपणे सांगावे लागले.

त्या बैठकीतला दुसरा आवाज मी विसरू शकत नाही. आमच्याकडे एक निवृत्त हवालदार आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. नोकरीची काही वर्षे त्यांनी गडचिरोलीत काढली आहेत. ते बराच वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. मग त्यांनी १ मे २०१९ ची गोष्ट काढली. राज्य महाराष्ट्र दिन साजरा करत असताना जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले होते. आबा म्हणाले, “तुम्ही शब्द मोजताय, आम्ही माणसं मोजली. जंगलात बंदूक घेऊन फिरणारा दिसतो तरी. त्याला औषधं, पैसा, पोरं कोण पुरवतं ते शोधायला पोलिसाच्या हातात काही नको?” यावर कुणी काही बोलले नाही. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. छत्तीसगड, आंध्र प्रदेश, तेलंगण आणि ओडिशा या राज्यांत असे कायदे आहेत आणि महाराष्ट्र मात्र केंद्राच्या १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यावर अवलंबून आहे, हे सरकारचे म्हणणेही मी त्या दिवशी वाचून दाखवले. आबांनी सही करायला नकार दिला, पण उठून गेले नाहीत. उलट शेवटपर्यंत बसून एकेका कलमाचा अर्थ विचारत राहिले. माझ्या हरकतीतले निम्मे अधिक-उणे त्यांच्या प्रश्नांमुळे सुधारले, हे नमूद करणे भाग आहे.

दरम्यान मोबाइलवर तयार पत्रे फिरू लागली होती. विरोधाचे एक आणि पाठिंब्याचे एक, दोन्ही माझ्याकडे आली, आणि दोन्हींची जातकुळी एकच होती: खाली नाव लिहा, पाठवून द्या. विरोधाच्या पत्रात कलमाचा क्रमांक चुकलेला होता, तर पाठिंब्याच्या पत्रात कलमाचा उल्लेखच नव्हता. एका ओळखीच्या गृहस्थांनी घरातल्या सहा जणांच्या नावाने सहा प्रती पाठवल्याचे अभिमानाने सांगितले, त्यांतल्या धाकट्याला, कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, मी सहज विचारले की तुझा आक्षेप कशाला आहे, तर तो म्हणाला, “बाबांना विचारा.” मला राग आला, आणि नंतर त्या रागाची थोडी लाजही वाटली. विधेयकाची भाषाच अशी की दहावी झालेल्या माणसाने ती स्वतः वाचून त्यावर पंधरा दिवसांत मुद्देसूद मत द्यावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तयार पत्र ही त्या माणसाची लाचारी असते. पण समितीच्या टेबलावर एकाच मजकुराची हजार पत्रे पडली तर ती एकच हरकत समजली जाणार, हेही मला कळत होते.

माझा पहिला मसुदा नऊ पानांचा झाला. त्यात जुन्या कडक कायद्यांपैकी मिसा होता, टाडा होता, पोटा होता, आणीबाणीवर दीड पान होते. दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आले की हे पत्र समितीला नसून मी माझ्याच मित्रांना भाषण देतो आहे. आमच्या ओळखीचे एक वकील तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवतात. त्यांनी मसुदा चाळून एकच सल्ला दिला. प्रत्येक मुद्द्यात कलम सांगा, त्यातला शब्द सांगा आणि त्याऐवजी काय हवे ते सांगा, बाकीचे खोडा. नऊ पानांची दोन पाने करायला मला नऊ पाने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाच मुद्दे उरले. पहिला त्या ‘कल’ शब्दाचा. प्रत्यक्ष कृत्य पाहता येते, त्याचा पुरावा देता येतो. कल हा पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो, म्हणून तो शब्द वगळावा. दुसरा ‘अवज्ञेची शिकवण’ याविषयी, आणि इथे मला वकिलांनी सांगितलेला एक निकाल फार उपयोगी पडला. राममनोहर लोहिया यांनी १९५४ मध्ये उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांना वाढीव पाणीपट्टी भरू नका असे सांगितले, त्यासाठी त्यांना १९३२ च्या एका जुन्या कायद्याखाली पकडले आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द ठरवले. बोलणे आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडणे यांचा संबंध निकटचा हवा, दूरान्वयाने जोडलेला चालणार नाही, असे त्या निकालाचे सार. त्याखाली मी एक वाक्य माझ्या पदरचे घातले: आमच्या सांगली जिल्ह्यात १९३० साली बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, तो प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेची जाहीर शिकवण होती, आणि आज शासन त्याचा गौरव करते. वकील म्हणाले, हे खोडा, हा मुद्दा कायद्याचा नाही. मी खोडले नाही. कायदेभंग हा शब्द मराठीत आदराने उच्चारला जातो, हे समितीतल्या एखाद्या आमदाराला आठवले तर बरे, असे मला वाटले.

तिसरा मुद्दा बंदी योग्य की अयोग्य हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचा होता. केंद्राच्या कायद्याखाली संघटनेवर बंदी आली तर ती योग्य की अयोग्य हे उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशांचे न्यायाधिकरण तपासते. या विधेयकात मंडळावर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेली, राहिलेली किंवा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्ती चालणार होती. पात्र असणे आणि असणे यांत किती अंतर आहे ते सांगायला कायदा शिकावा लागत नाही. संपादक होण्यास पात्र असलेले लोक मी आयुष्यभर पाहिले आहेत. चौथा मुद्दा असा, की बंदीची कारणे अधिसूचनेत देताना सार्वजनिक हिताच्या नावाखाली काही तथ्ये उघड न करण्याची मुभा सरकारला होती, आणि मग संघटनेने बाजू मांडायची ती कशाविरुद्ध?

पाचवा मुद्दा लिहिताना मात्र माझे स्वतःचे हात कापले. बंदी घातलेल्या संघटनेच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड, सदस्य नसलेल्या पण मदत करणाऱ्याला किंवा आसरा देणाऱ्याला दोन वर्षे आणि दोन लाख, संघटना चालवणाऱ्याला तीन वर्षे आणि तीन लाख, आणि प्रत्यक्ष बेकायदेशीर कृत्य करणाऱ्याला सात वर्षे आणि पाच लाख. सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. आमच्या वाचनालयाचा हॉल आम्ही सभांना देतो, साहित्याच्या तसाच धरणग्रस्तांच्याही, आणि नोंदवहीत आयोजकाचे नाव व सही माझ्या हाताने होते. छत्तीसगडच्या २००५ च्या अशाच कायद्याखाली डॉ. बिनायक सेन यांना मे २००७ मध्ये अटक झाली. मधल्या काळात त्यांना जामीन मिळाला, राजद्रोहाची शिक्षा झाली, पुन्हा तुरुंग झाला आणि एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. मी डॉक्टर नाही, माझे नाव कुणाला ठाऊक नाही, माझ्यासाठी कोण दिल्लीपर्यंत जाईल, हा विचार त्या रात्री आला आणि क्षणभर वाटले की हरकत नकोच, हॉल तेवढा बंद करू. सांगायला संकोच वाटतो, पण कायदा अजून झालाही नव्हता आणि त्याचा परिणाम माझ्यावर असा होऊन गेला होता. सकाळी मी तेच वाक्य, नाव-गाव बदलून, पाचव्या मुद्द्यात लिहिले.

पाठवण्याची कथा कॅलेंडरने अवघड केली. १ एप्रिल मंगळवारी होता. ३१ मार्चला सोमवारी रमजान ईद आणि ३० मार्चला रविवारी गुढीपाडवा. म्हणजे रजिस्टर पोस्टाने पाठवायचे तर शनिवार, २९ मार्च हाच शेवटचा दिवस, आणि ते पत्र मुदतीत पोहोचेल याची खात्री तरीही नव्हती. शनिवारी दुपारी साडेबाराला मी खिडकीपाशी पोहोचलो तर आतली बाई म्हणाल्या, सर्व्हर बंद आहे. माझ्यामागे एक म्हातारे आवर्त ठेवीचे पुस्तक घेऊन उभे होते, आम्ही दोघे बाकावर बसलो, त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि विचारले, “विधान भवनात कोण पाहुणं?” सव्वा वाजता सर्व्हर आला. लाल पोचपावतीवर मी माझा पत्ता नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिला. विश्वास नको म्हणून संध्याकाळी तोच मजकूर ई-मेलनेही पाठवला, आणि त्यात पहिल्या खेपेस जोडपत्र जोडायचे राहून गेले, तेव्हा दिलगिरीची एक ओळ लिहून दुसरे पाठवले. समितीच्या संगणकावर माझी एक कोरी हरकतही जमा असणार.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोचपावती परत आली. शिक्का इतका फुसका उमटला होता की तारीख वाचता येईना. उन्हात तिरकी धरून पाहिली तरी महिना तेवढा दिसला. उत्तर आले नाही, बोलावणेही आले नाही. बाहेर मात्र बरेच चालले होते. विरोधी पक्ष, डावे पक्ष, कामगार संघटना, पत्रकारांच्या संघटना यांनी विरोध नोंदवला, एप्रिलमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत निदर्शने झाली, आणि जूनच्या अखेरीस आझाद मैदानावर मेळावा झाला. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या आहेत हे वाचले तेव्हा आधी बरे वाटले आणि लगेच मनात हिशेब सुरू झाला, की यातल्या सहा तर आमच्याच गल्लीतल्या एका घरातल्या.

जुलै २०२५ मध्ये समितीचा अहवाल सभागृहात आला. १० जुलैला मी मोबाइलवर कामकाज पाहत बसलो होतो. मुख्यमंत्र्यांनी सांगितले की कारवाई व्यक्तीवर नव्हे, संघटनेवर आहे. राज्यात अशा ६४ संघटना आहेत आणि ही संख्या देशात सर्वाधिक आहे. विधानसभेत आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाले. मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले यांनी विरोध केला, आणि ज्या पक्षांचे नेते महिनाभर मैदानात बोलत होते त्यांचा सभागृहातला सूर मला फारच मवाळ वाटला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, तिथेही ते मंजूर झाले.

मी सुधारित मसुदा मिळवला आणि जुन्या प्रतीशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचला. ठळक बदल तीन होते. दीर्घ शीर्षकात आधी व्यक्ती आणि संघटना असे होते, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना असे आले. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश, आणि सदस्य म्हणून निवृत्त जिल्हा न्यायाधीश व उच्च न्यायालयातील सरकारी वकील असे ठरले, ‘पात्र’ गेले. तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करणार. आबा तिसऱ्या बदलावर खूश होते. फौजदारावर वरून दाब आला की काय होते ते मी पाहिले आहे, असे म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. माझ्या पाच मुद्द्यांपैकी तिसऱ्याच्या जवळपास काहीतरी घडले होते. ते माझ्यामुळे घडले असे मी म्हणणार नाही, पण त्या शब्दावर मी पेन्सिलीने केलेला गोल आणि नव्या प्रतीत त्या जागी नसलेला तो शब्द, हे दोन्ही शेजारी पाहताना समाधान झाले नाही असेही म्हणता येत नाही. शीर्षकाबद्दल वकिलांना विचारले. ते म्हणाले, कलमाचा अर्थ संदिग्ध असेल तर न्यायालय शीर्षकाकडे पाहते. कलम स्पष्ट असेल तर शीर्षक त्याला आवर घालू शकत नाही. आणि ‘तशा प्रकारच्या’ म्हणजे कशा प्रकारच्या, असे मी विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, ते सुनावणीत कळेल.

श्रावणात अंगणवाडीच्या बाई पुस्तक बदलायला आल्या. “आपल्या कागदाचं काय झालं?” त्यांनी विचारले. मी दोन्ही प्रती त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी व्याख्येचे पान आधी जुन्या प्रतीत वाचले, मग नव्या प्रतीत, बोट ओळीखाली फिरवत, आणि म्हणाल्या, “हे तर तेच आहे की.” नव्या पानाची एक झेरॉक्स त्यांना हवी होती, संघटनेच्या बैठकीत दाखवायला. मी दुकानातून काढून आणून दिली. माझ्या पेन्सिलीच्या खुणा तीत फिक्या राखाडी उमटल्या होत्या. त्या छापील आहेत असे समजून कुणी वाचू नये, म्हणून मी समासात तसे लिहून दिले.